मासळीच्या पाण्यावरचा लाल गुलाब

घर भाड्यानं देताना मालक लोक काय काय विचारतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. जात विचारतात, पगार विचारतात, पाहुणेरावळे किती येतात विचारतात, आणि शेवटी आवाज खाली आणून विचारतात, "मांसमच्छी खात नाही ना?" कोल्हापुरात आम्ही बिऱ्हाड शोधत होतो तेव्हा हा प्रश्न इतक्यांदा ऐकला, की आमच्या ह्यांनी त्याचं उत्तर पाठच करून ठेवलं होतं. आम्ही लिंगायत. माझं माहेर गडहिंग्लजच्या पुढं, पार कर्नाटकाच्या अंगाला. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी शिरलं नव्हतं. त्यामुळं बाकी कशात नाही तरी ह्या एका प्रश्नाला आम्हाला पैकीच्या पैकी मार्क असायचे.

राजारामपुरीतल्या त्या घराचं दार एका उंच, वाळक्या माणसानं उघडलं. अंगात बंडी, हातात कात्री, कानावर पेन्सिल. 'या' नाही, 'बसा' नाही. आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मासळी खाता का?"

"छे छे!" ह्यांनी छाती पुढं काढली. "आमच्या सात पिढ्यांत कुणी..."

"मग जमायचं न्हाय." आणि दार लागायला लागलं.

आम्ही दोन महिने नणंदेकडे राहत होतो. मी तिच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी अंथरूण टाकत होते. ते दार लागताना बघितलं आणि माझ्या तोंडातनं निघूनच गेलं, "हे खात नाहीत. मी खाते."

दार थांबलं. "आठवड्यातनं किती येळा?"

"दोनदा."

"कुठली?"

मला माशांची नावं दोनच ठाऊक, तीही शाळेत रत्नागिरीकडची एक मैत्रीण होती म्हणून. म्हटलं, "बांगडा."

"बांगडा ब्येस. त्यात तेल असतंय. बुधवार आन रविवार?"

"बुधवार आणि रविवार," मी म्हटलं.

"मग आणा की सामान. उभं का राहिलाय?"

पायऱ्या उतरताना हे माझ्याकडे असे बघत होते, की लग्न चुकून दुसऱ्याच बाईशी झालं की काय. मी म्हटलं, "चूल आपली वेगळी, मोरी आपली वेगळी. कोण बघतंय आपण काय खातो ते?" कप्पाळ माझं! तिथं खाण्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळं लक्ष मोरीकडेच होतं.

मालकांना गुलाबांचं वेड होतं. वेड म्हणजे, हौस वगैरे नव्हे. परसात आणि अंगणात मिळून साठ-सत्तर झाडं, आणि प्रत्येक झाडाचं एक पान त्यांच्या वहीत. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली होती. उसाचा रस तपासायचा आणि आकडा लिहायचा, रस तपासायचा आणि आकडा लिहायचा. निवृत्त झाले, रस सुटला, पण लिहायचं काही सुटलं नाही. कुठल्या झाडाला कधी छाटलं, काय घातलं, कितव्या दिवशी फुटवा आला, सगळं वहीत. मालकीणबाई म्हणायच्या, "माझी चार बाळंतपणं झाली, एकाची तारीख ह्यास्नी आठवत न्हाय. पर कळी कवा धरली ते इचारा."

आणि त्यांचा सिद्धांत असा, की गुलाबाला मासळी लागते. मासे धुतलेलं पाणी एक दिवस मुरवायचं आणि पातळ करून बुडाशी घालायचं. आमच्या आधी वर मालवणचं एक बिऱ्हाड होतं. त्यांची बदली झाली तेव्हा ती माणसं गेल्याचं दुःख मालकांना किती झालं माहीत नाही, पण ते पाणी गेल्याचं दुःख मात्र महिनाभर चाललं होतं म्हणे. कुणी त्यांना सुचवलं, की शेणखतावरही गुलाब होतो, पेंडीवरही होतो. मालक उसळायचे. "गुलाब काय माळकरी हाय व्हय?"

आता तुम्ही म्हणाल, मासळीचं पाणी आहे की नाही हे माणसाला वासावरून कळत नाही? तर इथंच मेख होती. मालकांना वासच येत नसे. साखर पांढरी करायला कारखान्यात गंधक जाळतात. त्या धुरात इतकी वर्षं काढल्यावर त्यांचं नाक फक्त चष्मा टेकायला उरलं होतं. गुलाबाचा एवढा शौकीन माणूस, पण गुलाबाचा वास कसा असतो हे तरुणपणानंतर त्यांना ठाऊक नव्हतं. त्याची खंत मात्र कधी दिसली नाही. उलट कुणी फूल हुंगायला वाकलं की म्हणायचे, "हुंगतोस काय? बघ की. वास काय, उदबत्तीलाबी असतोय."

म्हणूनच बहुधा त्यांचा जीव त्या लाल फ्लोरिबंडावर होता. फ्लोरिबंडा म्हणजे घोसानं फुलणारा गुलाब. मोठ्या गुलाबाला एका दांडीवर एकच फूल, टपोरं, ताठ मानेचं. ह्याला एका दांडीवर दहा-पंधरा फुलं, लहान, पण सगळी मिळून हातभर घोस. त्यांच्याकडचा रंग असा गडद लाल, की उन्हात बघितलं तर डोळे मिटावेत. वास जवळजवळ नाहीच. मालक त्याला कधी नावानं हाक मारत नसत, नुसतं 'लाल' म्हणत. "लाल कशी हाय आज?" "लालला ऊन लागलं का?" शेजारीण नवीन राहायला आली होती तिला पंधरा दिवस वाटत होतं, की मालकांची कुणी लाल नावाची आजारी मुलगी घरात आहे.

त्या मोठ्या एकट्या फुलांबद्दल त्यांचं मत फार वाईट. म्हणायचे, "एकट्यानं फुलायला काय लागतंय? वकिलासारखं मान वर करून हुबं ऱ्हायचं. घोसात फुलायचं म्हंजे दुसऱ्यासाठी थांबाया लागतंय." ह्या वकिलांबद्दल पुढं येईलच.

फूल तोडायची तर बातच नको. घरात सत्तर झाडं गुलाबाची, आणि मालकीणबाई डोक्यात माळायला मंडईतनं शेवंती विकत आणायच्या. लग्नाला जाताना मी एकदा धीर करून एक फूल मागितलं, तर म्हणाले, "पन्नास दिस लागलेत त्याला. तू अंबाड्यात किती येळ ठेवणार?" मी शेवंतीच माळून गेले.

बुधवार-रविवारची माझी काय तऱ्हा व्हायची ते आता हसून सांगते, तेव्हा रडू यायचं. आमच्या मोरीचा पाइप खाली उतरून एका पिंपात सुटायचा, आणि ते पिंप बरोब्बर लालच्या ओळीशेजारी. सकाळी दहाच्या सुमाराला मालक खाली येऊन उभे राहायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "पोरी, धुतलीस का गं मासळी? सोड पाणी!"

वर मी डाळ धुवत असायची. तुरीची डाळ धुतलेलं पाणी, तांदळाचं धुवण, भांड्याला लागलेलं ताक, सगळं एका पातेल्यात करून मी वरनं सोडायची. पहिल्या रविवारी मालक पिंपात वाकून बघत राहिले. "पांढरट दिसतंय गं. रगात न्हाय?"

मी गॅलरीत उभी. तेवढ्यात आतनं मालकीणबाई आल्या, पिंपाजवळ गेल्या, एक दीर्घ श्वास घेतला आणि माझ्याकडे वर बघितलं. त्यांचं नाक चांगलं शाबूत होतं. मला वाटलं, संपलं. उचला आता बोचकं. पण त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ताजी असंल मासळी. ताज्या मासळीचं पाणी असंच असतंय."

दुपारी त्या वर आल्या. मी पायाच पडणार होते. त्यांनी मला धरून बसवलं आणि म्हणाल्या, "गप ऱ्हा. त्या मालवणवाल्यांच्या पाण्यानं सहा वर्सं माझं अंगण घाण मारत हुतं. आज पयल्यांदा भायेर बसून च्या प्याले. तू डाळच धू. आन हे बघ, बिटाची एक फोड घालत जा पाण्यात. लालसर दिसंल."

अशी माणसं असतात बघा. तेव्हापासून दर बुधवारी, रविवारी मी पाण्यात बिटाची फोड घालायला लागले. खवले का येत नाहीत असं मालकांनी एकदा विचारलं, तर मी सांगितलं, "कोळीण तिथंच साफ करून देते." खोटं बोलायला माणूस किती पटकन शिकतं! पण मनातनं मला बरं वाटायचं नाही. मालक ते पाणी मगानं मोजून घालायचे आणि कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहायचे: 'मासळी, दोन मग.' ते लिहिताना त्यांचा चेहरा इतका निर्मळ असायचा, की मी आत निघून जायची.

दरवर्षी थंडीत टाऊन हॉलच्या बागेत गुलाबांचं प्रदर्शन भरायचं. आमच्या घराचं पंचांग त्यावर चालायचं. प्रदर्शनाची तारीख कळली, की मालक बोटांवर उलटे दिवस मोजायचे आणि बरोब्बर त्या दिवशी छाटणी. छाटणीनंतर सात आठवड्यांच्या आतबाहेर फूल येतं. थंडी जास्त पडली की उशीर, ऊन पडलं की घाई. मग घाईला आलेल्या कुंडीवर ओलं फडकं, उशीर करणाऱ्या कुंडीला उन्हामागं उचलून फिरवायचं. त्या दिवसांत घरातल्या कुणी आजारी पडायचं नाही, असा अलिखित नियमच होता.

घोसाच्या गुलाबाची एक गोम असते. घोसातली मधली कळी सगळ्यांत थोरली. ती आधी फुलते, आणि धाकट्या फुलेपर्यंत ती कोमेजलेली असते. परीक्षकाला तर सगळा घोस एका वेळी फुललेला लागतो. म्हणून ती मधली कळी लहान असतानाच खुडायची. मग बाकीच्या साऱ्या बरोबरीनं उठतात आणि मधली जागाही भरून काढतात. मालक हे काम स्वतः करायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत, आणि त्या सकाळी जेवायचे नाहीत. खुडलेल्या कळ्या बंडीच्या खिशात ठेवायचे. मी विचारलं, "एवढं वाईट वाटतं तर काढता कशाला?" म्हणाले, "घरातला थोरला मागं सरला न्हाय तर धाकटी वर येत न्हाईत. पर त्याला काय वाटत नसंल व्हय?" नंतर मालकीणबाईंकडनं कळलं, की चार धाकट्या भावंडांसाठी मालकांनी मॅट्रिकला शाळा सोडून कारखाना धरला होता.

इतकं करून घोसाच्या वर्गातला कप मात्र दरवर्षी एक वकीलसाहेब न्यायचे. त्यांच्याकडे माळी होता, पंप होता, पुण्याहून रोपं यायची. मालकांना दुसरा नंबर, नाहीतर उत्तेजनार्थ. घरी आले की म्हणायचे, "परीक्षकाला चष्म्याची गरज हाय," आणि मुकाट्यानं पुढच्या वर्षाचं पान उघडायचे. पण त्यांना तो कप किती हवा होता हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कपाटावर त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती, रिकामी, रोज पुसलेली.

आमचं तिसरं वर्ष. त्या थंडीत लाल अशी काही धरली, की बघणाऱ्यानं थांबून बघावं. सगळ्यांत जोरात होती ती पिंपाशेजारची झाडं. पानं लखलखीत, दांड्या करंगळीएवढ्या, आणि एका दांडीवर तर सतरा कळ्या. मालक मला दिवसातनं चारदा हाक मारायचे. "बघ गं, तुझ्या बांगड्याची करामत!" आणि मी आपली गॅलरीतनं हसायची. दुसरं काय करणार?

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे त्यांनी तो घोस कापला, बादलीत गळ्यापर्यंत पाण्यात ठेवला आणि रिक्षा न करता राजारामपुरीतनं टाऊन हॉलपर्यंत चालत नेला. रिक्षावाले खड्डे चुकवत नाहीत म्हणून. मागनं आम्ही तिघं. सतरातली मधली खुडलेली, राहिलेल्या सोळा. त्यातल्या चौदा फुललेल्या, दोन अर्धवट उमललेल्या. पुण्याचे परीक्षक त्या टेबलाशी आले, पुढं गेले, परत आले. वकीलसाहेब घड्याळ बघायला लागले तेव्हाच मी ओळखलं.

मालकांना कप मिळाला. मालकीणबाई तिथंच खुर्चीत बसून डोळ्यांना पदर लावून रडल्या, मीही रडले. कुणीतरी माइक मालकांच्या हातात दिला आणि म्हटलं, "दोन शब्द बोला. एवढा घोस आणलात कसा?"

दुसरा कुणी असता तर गुपित राखलं असतं. वकीलसाहेबांनी कधी आपल्या खताचं नाव सांगितलं नव्हतं. पण मालकांच्या मनात असलं काही यायचंच नाही. ते माइकला तोंड लावून गरजले, "ह्यात माझं काय न्हाय. आमच्या माडीवर ऱ्हाती ती पोरगी. आठवड्यातनं दोनदा मासळी खाती, तीन वर्सांत एक रविवार चुकीवला न्हाय तिनं. ते धुतलेलं पाणी हाय ह्ये! वर ये की गं पोरी!"

लोक टाळ्या वाजवत होते. मी उठले, म्हटलं चला, आता हेही नाटक करू. आणि समोर बघितलं तर गर्दीच्या शेवटाला, फाटकाशी, माझे अप्पा उभे. पांढरं धोतर, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, खांद्यावर डाळीचं पोतडं. दरवर्षी शेतातली तूर ते स्वतः आणून द्यायचे, पण आधी कार्ड टाकून. मी त्यांना कधी बुधवार-रविवार येऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी कार्ड न टाकता आले होते. घरी कुलूप बघून शेजारणीला विचारलं असेल, तिनं बागेत पाठवलं असेल.

मी हाक मारली. अप्पांनी पोतडं फाटकाशी खाली ठेवलं, हात झटकले आणि वळून चालायला लागले. मी धावत रस्त्यापर्यंत गेले. त्यांनी मागं बघितलं नाही. पोतडं उचलून आणायला हे गेले.

घरी येऊन मी जिन्यात बसले आणि जे रडायला लागले ते थांबेना. मालक आले, हातात कप. "येडी का काय? कप मिळाला आन रडती?" मग मी सगळं सांगून टाकलं. डाळ, ताक, बीट, कोळीण, फाटकातनं परत गेलेले अप्पा, सगळं. मालकीणबाईंचं नाव तेवढं घेतलं नाही. त्यांनी स्वतःच पुढं येऊन सांगितलं, "मला पयल्या दिवसापासनं ठावं हुतं."

मालक कप पायरीवर ठेवून आत गेले. मला वाटलं, आता खोली गेली. खोलीचं मला त्या क्षणी काही वाटतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली वही घेऊन बसलेले दिसले. तीन वर्षांची पानं. 'मासळी'वर एक रेघ मारायची, वरती 'डाळ' लिहायचं. रेघ, डाळ. मला बघून मान वर केली आणि म्हणाले, "खोलीपायी खोटं बोललीस त्ये ठीक हाय. माणूस बोलतंय. पर माझी वही खोटी केलीस." त्यानंतर बोलणं बंद.

त्या आठवड्यात आणखी एक झालं. मालकांनी माइकवरनं सांगितल्यामुळं निम्म्या राजारामपुरीनं गुलाबांना मासळीचं पाणी घालायला सुरुवात केली होती. मालक सायकल काढून एकेकाच्या दारी गेले आणि सांगून आले, "माझं चुकलं. त्ये डाळीचं पाणी हुतं. मी न तपासता लिवलं." माझं नाव त्यांनी कुठंही घेतलं नाही. वकीलसाहेब हसले म्हणे. "म्हणजे आपल्या झाडाला काय घातलं हेच तुम्हाला माहीत नव्हतं?" मालक म्हणाले, "नव्हतं. आता हाय." आणि सायकल वळवली. हे मला ह्यांनी बाहेरनं ऐकून सांगितलं. मालक कशाला सांगताहेत?

मी अप्पांना तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. गावाकडनं बाजाराला आलेल्या बाईकडून अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, निरोप धाडला, "तुझं नाव काढलं की जेवणावरनं उठतात. इतक्यात येऊ नको." आई-बापांना मी एकुलती एक. महिना झाला, माझं कशात मन लागेना. डाळ धुवायला घेतली तरी रडू यायचं, ती अप्पांचीच डाळ होती. बुधवारी पाणी सोडायची, खाली मालक न बोलता मगानं मोजून घालायचे. अबोला माझ्याशी होता, पाण्याशी नव्हता.

एका सकाळी मालक पहिल्यांदाच आमच्या माडीवर आले. अंगात कोट, हातात कापडी पिशवी. माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "हिला म्हणावं, तयार हो. गडहिंग्लजची गाडी धरायची हाय."

एस.टी.त ते खिडकीशी बसले, मी शेजारी. दोन तास एक शब्द नाही. कंडक्टरला मात्र म्हणाले, "दोन द्या. ही माझ्याबरं हाय." पुढं गडहिंग्लजहून गाव गाठेपर्यंत दुपार झाली.

अप्पा पुढच्या सोप्यात बसले होते. मला बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. अव्वा आतनं "बर्री, बर्री" असं कानडीत 'या, या' म्हणत आली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि दाराआड उभी राहिली. मी उंबऱ्याशीच थांबले.

मालक पाणी प्यायले, मिशी पुसली. "पावणं, मी हिचा घरमालक. तुमची पोरगी मासं खात न्हाय. कधी शिवली न्हाय. माझ्यासंगं खोटं बोलली."

अप्पांनी मान वळवली. "खोटं? कशासाठी?"

"खोलीसाठी. मी मासं खाणाऱ्यालाच खोली देतोय. खूळ हाय माझं."

अप्पांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग म्हणाले, "म्हणजे खाल्ली न्हाय. पर खोटं बोलली."

"व्हय."

"तीन वर्सं?"

"तीन वर्सं! मीबी लई चिडलोय तिच्यावर. महिना झाला, बोलत न्हाय."

"मीबी न्हाय," अप्पा म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. देवाशपथ सांगते, त्या दोघांना त्या क्षणी एकमेकांबद्दल काय माया वाटली असेल! आणि मी अपराधी, दारात उभी.

मालकांनी पिशवीतनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, कागद सोडला आणि कप अप्पांच्या पुढ्यात ठेवला. "ह्यो तुमचा."

"माझा? मी काय केलं?"

"झाड माझं. पर त्ये वाढलं तुमच्या तुरीच्या पाण्यावर. मी तपासून बघितलं, शेजारच्या ओळीला निस्तं पाणी, ह्या ओळीला डाळीचं. आज दहा वर्सं मी मासळी मासळी करत बसलोय आन कप आला तुमच्या रानातनं. खोटा कप मी कपाटावर ठेवत नसतोय."

अप्पांनी कप उचलला. उलटा करून खालनं बघितला, टिचकी मारून बघितली. मग पंच्यानं पुसून हळूच देवळीत, बसवेश्वरांच्या तसबिरीशेजारी ठेवला. परत येऊन बसले आणि मालकांना विचारलं, "तुम्ही किती दिवस बोलणार न्हाय म्हणताय हिच्यासंगं?"

मालकांनी विचार केला. "छाटणीपत्तूर तरी."

"छाटणी कधी असती?"

"दिवाळीच्या पुढं."

"लई लांब हाय की," अप्पा म्हणाले. घसा खाकरला. आणि भिंतीकडेच बघत, पण माझ्याशी, विचारलं, "डाळ किती येळ भिजत घालतीस गं?"

मी दारातनंच म्हटलं, "तासभर."

"तासभर?" अप्पा एकदम माझ्याकडे वळले. "माझी डाळ हाय ती, बाजारची न्हवं! पाव तास पुरे. सगळं सत्त्व पाण्यात घालवतीस!"

"आवो पावणं, त्ये सत्त्वच तर गुलाबाला जातंय!" मालक ओरडले. "तासभरच भिजू दे तिला!"

"आन माणसांनी काय चोथा खायाचा?"

दोघं त्यावर हमरीतुमरीवर आले. मालकांनी कानावरची पेन्सिल काढली, अप्पांनी सुपात तूर आणून ओतली. मी उंबरा ओलांडून आत गेले आणि अव्वाच्या गळ्यात पडून पोटभर रडले. अव्वा माझ्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "रडू नको. जा, विचार जा त्यांना, पावण्यांसाठी भाकरी किती टाकू?"